पास्ता साध्या पाण्याऐवजी रश्श्यात, दुधात किंवा टोमॅटोत शिजवावा का?

प्रश्न साताऱ्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगतो. घरचा पास्ता वरून चमचमीत होतो, पण चावला की आत फिका आणि पिठूळ लागतो. मग तो चिकन स्टॉकमध्ये (कोंबडी उकळून काढलेल्या पाण्यात), दुधात किंवा टोमॅटोच्या प्युरीत शिजवला तर चव आतपर्यंत जाईल का? त्यांनी प्युरीत एकदा करून पाहिला. अर्धा तास झाला तरी मध्ये कणी तशीच आणि कढई मात्र खाली लागली. रविवारी मटणाचं अळणी (बिनतिखट रस) उरतं, त्यात चालेल का, हेही विचारलंय. आणि हे सगळं मुलांच्या डब्यासाठी.

माझं सांगलीत विश्रामबागला ऑर्डरचं किचन आहे. पास्ता आठवड्याला बराच निघतो, आणि खाणारी मंडळी बहुतेक कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोजचाच आहे.

आधी फिकेपणाचं बघू, कारण तुमची खरी अडचण बहुधा तीच आहे आणि तिला स्टॉक लागत नाही. कोरड्या पास्त्यात सहसा मीठ नसतं. ते आत जायची वेळ एकच, तो शिजताना पाणी पितो तेवढीच. नंतर सॉस कितीही झणझणीत केला तरी तो वरून लेपासारखा बसतो. रूढ प्रमाण १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. घरोघरी मी बघतो तर भातासारखं चिमूटभर टाकलेलं असतं. भातातलं पाणी आत आटतं, म्हणून तिथे चिमूट पुरते. पास्त्याचं पाणी आपण ओतून देतो आणि मीठही त्याच्याबरोबर जातं. आधी एवढंच दुरुस्त करून बघा. मला वाटतं निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

आता उरलेल्या निम्म्याबद्दल. १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण २२० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे त्याने सव्वाशे मिलीच्या आत-बाहेर पाणी प्यायलं. तुम्ही १ लिटर चांगला चिकन स्टॉक चढवलात, त्यात पास्ता उकळलात आणि चाळणीत निथळलात, तर त्यातला आठवा भाग पोटात गेला आणि बाकीचा मोरीत. एवढ्या स्टॉकचं सूप झालं असतं. म्हणून कुठला द्रव चांगला हे मी नंतर बघतो. आधी विचारतो की तो द्रव तुम्ही खाणार आहात की ओतून देणार? खाणार असाल तर त्यात जरूर शिजवा. ओतून देणार असाल तर मीठ-पाण्यासारखं दुसरं काही नाही.

चव आत जाते म्हणजे नेमकं काय जातं, तेही जाणून घ्या. पाण्यात विरघळणारं जे बारीक असतं ते पाण्याबरोबर शिरतं: मीठ, गोडवा, आंबटपणा, मांसाचा किंवा मक्याच्या कणसाचा तो जिभेवर रेंगाळणारा रस. तेल-तूप आत शिरत नाही. आणि मसाल्याचा वास बहुतेक तेलातच राहतो. उकळत्या पाण्यात चमचाभर कांदा-लसूण मसाला टाकून पास्ता शिजवला तर पाणी लाल दिसतं, घरभर खमंग वास सुटतो, तवंग पाण्यावर तरंगतो आणि पास्ता आतून होता तसाच. तो वास तुमच्या नाकात गेला, पास्त्यात नाही. मसाला फोडणीत परतून शेवटी पास्त्याला माखायचा, हेच बरोबर. हळदीचाही रंग वरच्या थराला चढतो, चव म्हणावी तेवढी जात नाही. सांगलीत बसून हळदीबद्दल असं म्हणणं जिवावर येतं, पण आहे ते आहे.

मग पद्धत बदलायची. मोठं पातेलं ठेवून द्या, पसरट कढई घ्या. १०० ग्रॅम आखूड पास्त्याला (पेने, मॅकरोनी, फुसिली) ३०० ते ३५० मिली पातळ द्रव. उकळी फुटली की पास्ता टाका, पहिली दोन मिनिटं सतत हलवा. चिकटायचा तो तेव्हाच चिकटतो, कारण वरचं पीठ ओलं झालेलं असतं पण अजून शिजलेलं नसतं. नंतर मध्यम आच, अधूनमधून उलथणं. शेजारी भांड्यात गरम पाणी किंवा तोच द्रव तयार ठेवा आणि कोरडं दिसलं की पळीपळीने घाला. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. सुटलेलं सगळं पीठ कढईतच राहतं, त्यामुळे रस आपोआप आळतो आणि वेगळं क्रीम किंवा मैदा लागत नाही. या पद्धतीचा खरा फायदा मला हाच वाटतो, चव आत जाण्यापेक्षाही.

मिठाचं गणित इथे उलटं होतं. काहीच ओतून देत नसल्यामुळे घातलेलं सगळं मीठ ताटात येतं. १०० ग्रॅमला पाव चहाचा चमचा पुरे, तेसुद्धा द्रवात आधीचं मीठ नसेल तर. बाजारच्या स्टॉक क्यूबमध्ये मीठच भरपूर असतं. तो वापरणार असाल तर वेगळं मीठ घालूच नका, शेवटी चाखून ठरवा. द्रव आटतो तसा खारटपणा वाढत जातो, म्हणून सुरुवातीला चाखताना जरा कमीच लागायला हवा.

आता एकेक द्रव घेऊ, आणि मटणाच्या अळण्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या घरात पडलेलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. इटलीत बोलोन्या-मोदेनाकडे भरलेल्या पास्त्याच्या बारीक गुंडाळ्या मांसाच्या रसात वाढतात. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या गांदियाकडे माशाच्या रसात आखूड शेवया शिजवतात, त्याला फिदेउआ म्हणतात, भाताऐवजी शेवया. आपलं अळणी त्याच जातीचं: हाडाचा रस, हळद, आलं-लसूण, थोडं मीठ, तिखट नाही. रात्रीच पुन्हा खळखळून उकळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढा पण टाकू नका. त्या चरबीत बारीक कांदा आणि जिरं परता, वाटल्यास अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. वर अळणी आणि पाणी निम्मं निम्मं ओता, मग पास्ता. नुसतं अळणी घेतलं तर आटून फार जड होतं, हाडांतला चिकटपणा ओठांना जाणवतो. अळण्यात मीठ किती पडलंय ते फक्त तुम्हालाच माहीत, म्हणून माझं पाव चमच्याचं प्रमाण इथे लावू नका. तयार तांबडा रस्सा मात्र घेऊ नका. त्यातलं खोबरं-तीळ खाली बसतं आणि पास्ता शिजेपर्यंत करपतं.

याच कढईत पास्त्याऐवजी घरच्या खपली गव्हाच्या शेवया तुपावर तांबूस परतून टाकल्या तर काय होतं ते एकदा बघाच. खपली आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीतलीच. शेवया बारीक, त्यामुळे काही मिनिटांत फुलतात, आणि परतल्यामुळे लगदा होत नाही. माझ्याकडे हा प्रकार पास्त्यापेक्षा आधी संपतो.

डाळीचं पाणी हा दुसरा उत्तम पर्याय, आणि शाकाहारी घरांत पहिला. आपण चकोल्या करतो तेव्हा कणकेचे तुकडे आधी वेगळे उकळून घेतो का? थेट आमटीत सोडतो, त्यांचं पीठ आमटीला लागतं आणि दोन्ही एक होतात. इटलीत घेवड्याच्या डाळींब्या आणि पास्ता असाच एका भांड्यात होतो. फरक एवढाच की चकोल्या ओल्या असतात, त्यांना फारसं पाणी लागत नाही. कोरडा पास्ता पिऊन घेतो, म्हणून आमटी नेहमीपेक्षा दीडपट पातळ हवी. पुरणाच्या दिवशी कटाच्या आमटीसाठी काढलेल्या पाण्यातलं थोडं बाजूला ठेवा, त्यात गोडसर दाटपणा असतो. इस्लामपूर-कराडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर तर यासाठीच केल्यासारखा आहे. मसूर पाऊण शिजला की त्यातच गरम पाणी आणि मॅकरोनी टाका. दोन्ही एकदम तयार होतात.

आता तुमची टोमॅटोची कढई. पास्ता शिजायला मोकळं पाणी लागतं. प्युरीत पाणी असतं, पण ते गरात अडकलेलं. शिवाय दाट गर पाण्यासारखा कढईत खेळत नाही: खाली फुटतो, करपतो, आणि वरचा पास्ता कोमटातच बसून राहतो. आंबटपणाचाही थोडा हात आहे, तो पास्त्याचा बाहेरचा थर घट्ट धरून ठेवतो. सगळं मिळून जे व्हायचं तेच तुमच्याकडे झालं, आच वाढवून काही फरक पडला नसता. इटलीच्या दक्षिणेला बारी शहरात स्पगेटी कच्चीच लोखंडी तव्यात टाकून टोमॅटोत शिजवतात, अगदी खरपूस करतात. पण त्यांचं टोमॅटोचं पाणी पातळ असतं आणि ते पळीपळीने जातं. तुम्हीही एक भाग प्युरीला दोन-अडीच भाग पाणी घ्या, आपल्या टोमॅटोच्या साराएवढं पातळ. किंवा पास्ता मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी काढा आणि शेवट प्युरीत करा, सोबत त्याच पाण्याच्या दोन पळ्या. मला टोमॅटोसाठी हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. टोमॅटो फार वेळ उकळला की ताजेपणा जातो, आणि पास्त्याची वेळ ही टोमॅटोची वेळ नसते. चिंचेच्या साराचंही तसंच, आंबट जे काही असेल ते उशिरा.

इथे एक पोटप्रश्न. पाणी थोडं आंबटाकडे असेल तर पास्त्याचं पीठ कमी सुटतं, आणि क्षाराचं, जड असेल तर जास्त सुटून चिकचिकाट होतो. आमच्याकडे कृष्णाकाठची बरीच जमीन क्षारपड आहे आणि अनेक बोअरचं पाणी जड. किटलीत पांढरा थर बसत असेल, पास्ता दर वेळी चिकटत असेल आणि ब्रँड बदलूनही फरक पडत नसेल, तर लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा किंवा पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. पाण्यात तेल टाकण्याचा काही उपयोग नाही, ते वर तरंगतं.

दूध. शेवयांची खीर करणाऱ्याला पीठ दुधात कसं शिजतं हे सांगायला नको, पण खिरीच्या शेवया केसासारख्या बारीक आणि पास्ता जाड. तेवढा वेळ दूध उकळत ठेवलं की ते तळाशी धरतं किंवा उतू जातं, आणि म्हशीचं असेल तर आटून साय-साय होतं. म्हणून १०० ग्रॅमला १५० मिली पाणी मिठासकट आधी, त्यात पास्ता अर्धाकच्चा होऊ द्या. पाणी जवळजवळ संपलं की २०० मिली गरम दूध, आच मंद, तळ खरवडत हलवत राहायचं. मिठाने दूध नासत नाही, आंबटाने नासतं. म्हणून टोमॅटो, लिंबू, सिमला मिरचीचं आंबट लोणचं असलं काही या कढईत नको. गॅस बंद केल्यावर चीज किसून घाला, उकळत्यात घातलं तर तार धरून गोळा होतो. मुलांसाठी माझ्याकडे सगळ्यात जास्त हाच जातो. दूध इथे खरंच आतपर्यंत कळतं, कारण त्याची साखर आणि मीठ दोन्ही पाण्याबरोबर शिरतात आणि वरून झाकायला तिखट काही नसतं.

नारळाचं दूध घ्यायचं तर पातळ काढलेल्यात शिजवा आणि पहिलं दाट दूध शेवटी, उकळी न आणता. ताकात नको. बेसन लावून कढी केली तरच टिकतं, आणि मग ती कढीच खावी. लाल वाइनमध्ये शिजवलेली जांभळी स्पगेटी फोटोत छान दिसते. पलूसला वाइन पार्क झाल्यापासून हा प्रश्नही मला विचारला जातो. पूर्ण बाटली आटवली की आंबट-तुरट होते. पास्ता पाण्यात अर्धा शिजवून शेवटची तीन-चार मिनिटं पेलाभर वाइनमध्ये, एवढंच करा, रंग येतो.

स्टॉकचा फरक खरंच कळतो का, हे तुम्हीच ताडून बघा. दोन छोट्या भांड्यांत मूठ-मूठ पास्ता, एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात स्टॉक, पण दोन्हीकडे खारटपणा सारखा ठेवा. ही अट महत्त्वाची, कारण लोक ज्याला स्टॉकची चव म्हणतात ते पुष्कळदा त्यातलं मीठच असतं. मग दोन्ही नुसत्या लोण्या-लसणात घोळवून घरच्यांना न सांगता द्या. लोण्या-लसणात फरक ओळखू येतो. झणझणीत लाल सॉसमध्ये मला तरी कुणी ओळखलेला आठवत नाही. म्हणून सॉस साधा असेल तेव्हाच मी स्टॉक खर्च करतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना, म्हणजे कडक गव्हाचा रवा, लिहिलंय का बघा. सुटा, मैदामिश्रित स्वस्त पास्ता भरपूर पाण्यात कसाबसा तग धरतो, पण कमी द्रवात हलवून हलवून त्याचा लगदा होतो. ताजा हाताने केलेला पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, तो एवढ्यात काही पीत नाही, त्याला स्टॉक वाया. लांब स्पगेटी कढईत मावत नाही, तिला खालची भिजवायची पद्धत बरी. आणि तुम्ही साताऱ्यात आहात, पण पाचगणी-महाबळेश्वरला असतात तर मी वेळ आणखी वाढवायला सांगितलं असतं. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

कुकरबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. साध्या पाण्यात किंवा पातळ अळण्यात चालेल, कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण पिठाचा फेस शिट्टीत अडकतो. दूध किंवा टोमॅटो कुकरमध्ये नको. दोन्ही तळाला धरतात आणि झाकण लावलेलं असताना ते तुम्हाला दिसत नाही.

डब्यासाठी मात्र मी तुम्हाला वेगळीच वाट सुचवेन. पास्त्याला पाणी प्यायला उष्णता लागत नाही, ती फक्त पीठ शिजायला लागते. दोन्ही कामं वेगळी करता येतात. रात्री झोपताना डब्यात पास्ता घ्या, वर बुडून दोन बोटं राहील इतकं गार केलेलं पातळ अळणी, भाजीचं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. तासा-दीड तासातच तो पांढरट आणि वाकणारा होतो. रात्रभरात जरा जास्त मऊ होतो, पण मुलांना चालतं. फ्रिजबाहेर ठेवू नका, विशेषतः अळण्यात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते सकाळपर्यंत आंबेल. सकाळी कढईत फोडणी करा, भिजलेला पास्ता आणि उरलेला द्रव ओता, दोन-तीन मिनिटं खळखळू द्या, झालं. तुमची टोमॅटोची प्युरीसुद्धा इथे चालेल, कारण पाणी आधीच आत गेलंय आणि कणी राहायचा प्रश्नच उरत नाही.

डबा भरताना पास्ता तुम्हाला आवडेल त्यापेक्षा जास्त रसदार ठेवा, सॉस चमच्यावरून ओघळायला हवा. तो डब्यातही पीत राहतो, आणि साडेदहाच्या सुट्टीत झाकण उघडेपर्यंत बरोबर होतो. सकाळीच बेताचा दिसला तर शाळेत त्याचा गोळा निघेल. वर चमचाभर लोणी किंवा तेल घोळवून घातलं की एकमेकांना कमी चिकटतो. तेलाचा पास्त्याला खरा उपयोग इथे आहे.